नापास बाटली

१२ जानेवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, ते काही मी परत घेत नाही. पण आज जरा रागावूनच लिहितेय. फोन तू उचलत नाहीस. एकदा तुझ्या बायकोने उचलला, "ते दुकानात आहेत, वहिनी," म्हणाली, आणि मागे तू खोकलास. तुझा खोकला मी तू अर्ध्या चड्डीत होतास तेव्हापासून ओळखते. मग म्हटलं, कागदच पाठवावा. कागद मध्येच कट करता येत नाही.

तुझ्या दादाला दवाखान्यातून घरी आणलंय. डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं, ते तुला माहीत आहे. कानांचं बहुतेक माहीत नसेल, कारण तू दवाखान्यात आलास तेव्हा त्याच्या डोक्याला पट्ट्या होत्या आणि तू दारातूनच माघारी फिरलास. नर्सने विचारलं, "ते कोण होते?" मी म्हटलं, "धाकटा भाऊ. त्याला रक्त बघवत नाही." तुझ्या वतीने थापा मारायची मला सवयच आहे. शाळेत तुझ्या गैरहजेरीच्या चिठ्ठ्या कोण लिहायचं?

तर उजवा कान पार गेला, डावा निम्मा राहिलाय. दादाला ते अजून पटलेलं नाही. त्याला वाटतं, सगळं जगच हळू बोलायला लागलंय. स्वतःचा आवाज त्याला पोचत नाही, म्हणून घसा ताणून बोलतो. परवा जेवताना मला म्हणाला, "मीठ कमी पडलंय," तर समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून विचारलं, "पाठवू का?" मी हसले. बऱ्याच दिवसांनी हसले.

डॉक्टरांना आधी वाटलं, स्वयंपाकाचा गॅस फुटला. मी समजावून सांगितलं, की हे पाणबुडे होते, धरणाच्या दारांखाली जाऊन काम करायचे. गुडघे गेल्यावर ते सोडलं. धाकट्या भावाचं पाणबुड्यांच्या सामानाचं दुकान आहे, तो पाठीवर बांधायची मोठी सिलिंडरं भरून आणून देतो. त्यातली हवा आम्ही घरी नळीने छोट्या बाटल्यांत भरतो. नेमबाजी शिकणाऱ्या मुलांच्या बंदुकीला नळीखाली ती बाटली असते, छर्रा त्या हवेवर सुटतो. डॉक्टर म्हणाले, "म्हणजे नुसती हवा?" मी म्हटलं, "नुसतीच. पण दाबलेली. माणसाला दाबलं की काय होतं, तसंच हवेचं."

मागचं आवार अजून धुवायचं आहे. बाटली पाण्याच्या ज्या बादलीत ठेवून भरायचो, तिचं नुसतं कडं सापडलं, तेही शेजारच्यांच्या पत्र्यावर. मोठं सिलिंडर साखळीने भिंतीला बांधलेलं होतं म्हणून जागचं हललं नाही. दादा त्याच्या आडोशाला होता म्हणून वाचला. पुढे आलेला हात तेवढा स्फोटात सापडला.

मला एकच गोष्ट आतून कुरतडते. इतकी वर्षं बाटली भरताना व्हॉल्व्ह तो फिरवायचा आणि दाबाचा काटा मी वाचायचे. घाई केली की बाटली तापते, आणि तापली की काटा खोटं बोलतो. म्हणून मी ओरडायचे, "थांब, तापली," आणि तो थांबायचा. आमच्या संसारातलं अर्धं बोलणं एवढंच असेल. आणि नेमकी त्या दिवशी मी गच्चीवर होते. सगळे म्हणतात, जास्त भरली गेली. दादाही म्हणतो, "चूक माझीच. काटा दिसला नाही." मी तिथे असते तर दिसला असता.

एकदा येऊन जा रे. काही बोलू नकोस, नुसता त्याच्याजवळ बस. तो दारात पाऊल वाजलं की मान वळवतो. पाऊल त्याला ऐकू येत नाही, तरी वळवतो.

तुझी वहिनी


२७ जानेवारी

बारक्यास,

काल नेमबाजीच्या रेंजवर जाऊन आले. मुलांच्या पाच-सात बाटल्या आपल्याकडे भरायला येऊन पडल्या होत्या, त्या परत करायच्या होत्या. कोचबाई भेटल्या. नेहमी मला खुर्ची देणारी बाई, काल उभ्यानेच बोलली.

म्हणाल्या, "वाईट झालं हो. पण तुमचे दीर कधीपासून सांगत होते म्हणे, की दादाचं वय झालं, काटा दिसत नाही, आता भरणं बंद करा."

मी विचारलं, "कोणाला सांगत होते?"

"तुम्हाला दोघांना. असं ते म्हणाले."

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिथे काय सांगू, की माझा दीर शेवटचा आला तेव्हा भजी खाता खाता चटाचट हिशेब करून, "दादा, तुझ्यासारखा हात कोणाचा नाही," म्हणत एक निळी बाटली ठेवून गेला होता? हे तू म्हणालास. मी तिथेच होते, तुझा कप विसळत.

मग कोचबाई म्हणाल्या, "आता तेच दर आठवड्याला गाडी घेऊन येतात आणि इथेच भरून देतात. मुलांची सोय झाली."

मुलांची सोय झाली. बरं झालं. दादाचं हे काम गेलं ते गेलंच, ते कोणीतरी करणारच होतं, मग आपल्याच घरातल्याने केलं तर बिघडलं कुठे, असं मी परतीच्या वाटेवर स्वतःला सांगत आले. बसमध्ये एकदा मोठ्याने म्हणाले वाटतं, कारण शेजारचा माणूस म्हणाला, "काय?"

तुझ्या त्या निळ्या बाटल्या तीन मुलांच्या बंदुकांना दिसल्या. आमच्याकडे फुटली तिच्याच बहिणी. रंग सुरेख दिलाय.

तोंडातून निघून गेलं असेल तुझ्या. लोक विचारतात तेव्हा माणूस काहीतरी बोलतो. तसं असेल तर तसं कळव. मी मनातून काढून टाकेन. माझं मन मोठं आहे असं तूच सगळ्यांना सांगत आलास. आता खोटं पाडू नकोस.

वहिनी


९ फेब्रुवारी

आज टेस्टवाले काका दादाला बघायला आले होते. तेच, ज्यांच्याकडे आपण सगळ्या बाटल्या तपासायला टाकतो. बाटलीत पाणी भरून दाब देतात, फुगून पुन्हा होती तशी झाली तर पास, नाही झाली तर नापास, मग मानेवर फुली ठोकतात. दादा झोपला होता. काका स्वयंपाकघरातच बसले. इकडचं तिकडचं झालं आणि त्यांनी विचारलं, "फुटली ती कुठली होती?"

मी म्हटलं, "छोटी, निळी. बारक्याने नवीन आणली होती, तुमच्याकडून पास करून."

त्यांनी कप खाली ठेवला. "निळी? माझ्याकडे त्याने चार टाकल्या होत्या, वर्ष झालं असेल. तेव्हा राखाडी होत्या. कुठल्यातरी भंगारातून उचललेल्या. चारही आतून गंजलेल्या. मी चारही नापास केल्या."

"मग?"

"मग काय. मी म्हटलं, भोक पाडून देतो, म्हणजे चुकून कोणी भरायला नको. तो म्हणाला, नको काका, उभ्या कापून दुकानात ठेवतो, नवीन लोकांना दाखवायला, की गंज कसा दिसतो. मला कौतुक वाटलं. फुल्या मारल्या आणि दिल्या."

मग ते म्हणाले, "फुली घासून काढायला कानस लागते, वहिनी. पाच मिनिटांचं काम. वर रंग मारला की झालं." त्यांचा चेहरा असा झाला होता की जणू कानस त्यांच्याच हातात होती.

बारक्या, चारांतली एक आमच्या आवारात फुटली. उरलेल्या तीन कुठे आहेत ते मी माझ्या डोळ्यांनी बघून आले होते आणि तुला लिहिलं होतं, रंग सुरेख आहे म्हणून. ते पत्र तू वाचलंस. वाचून गप्प बसलास. मुलं रोज त्या बंदुकांना गाल टेकवतात.

काका बसले होते तेवढ्यातच मी कोचबाईंना फोन केला. तीनही निळ्या बाटल्या आत्ताच्या आत्ता काढा, हवा सोडून द्या, कोणाला हात लावू देऊ नका, काका न्यायला येताहेत. त्या विचारत राहिल्या, का, काय झालं. मी म्हटलं, आधी काढा. तुझं नाव घेतलं नाही. ओठांवर आलं होतं, पण दादाशी बोलल्याशिवाय घ्यायचं नव्हतं. त्याला हे कसं सांगायचं हाच विचार करत बसलेय. भाऊ म्हणजे त्याचा जीव. काका म्हणाले, "मी सांगू का?" मी म्हटलं, नको. इतके दिवस स्वतःला दोष देत पडून आहे, त्याला निदान माझ्या तोंडून कळू दे, की त्याचा दोष नव्हता.


११ फेब्रुवारी

सांगायची वेळच आली नाही. त्याला माहीत होतं.

काल दुपारी मी बाजारातून आले. दादा आतल्या खोलीत फोनवर होता. माझा फोन तू उचलत नाहीस, त्याचा उचलतोस हेही मला कालच कळलं. तो आपलं कुजबुजत होता. म्हणजे त्याच्या हिशेबाने कुजबुजत होता. मला जिन्यापासूनच शब्द न् शब्द ऐकू येत होता.

"अरे नाही, कानशीचं मी तिला बोललेलोच नाही," म्हणत होता. "दिसली होती रे मला. मानेवर हात फिरवला की कळतं. पण म्हटलं, तुझा बाटल्यांचा धंदा नवीन, तू आणलीस, आता नाही कसं म्हणायचं. वाटलं, एकदा भरून बघू, काही होत नाही." मग तू काहीतरी बोललास. मग तो म्हणाला, "हो ना. म्हणून तर तिला वर पाठवलं."

मी पिशवी धरून तशीच उभी राहिले.

त्या दिवशी त्याने मला हाक मारून सांगितलं होतं, "गच्चीवरचे कपडे काढून आण." मी वर गेले तर कपडे ओले. पिळले तर पाणी निघेल इतके ओले. मला वाटलं, पुरुषाला काय कळतंय कपड्यांतलं. म्हणून जरा थांबले, की निदान रुमाल तरी वाळतील. आणि खाली ते झालं.

मी आत गेले आणि त्याच्या डाव्या कानाशी बोलले. "कपडे ओले होते."

"काय?"

"मी वर गेले तेव्हा कपडे ओलेच होते."

त्याने फोन पालथा ठेवला. मग म्हणाला, "तो माझा भाऊ आहे गं."

"आणि मी?"

"तुला वर पाठवलं ना मी."

हे त्याचं उत्तर, बारक्या. त्याला वाटतं, यात सगळं आलं. त्याला वाटतं, हा माझ्यावरच्या मायेचा पुरावा आहे. असेलही. पण त्याला मी वाचायला हवी होते आणि तुझं मनही मोडायचं नव्हतं, आणि या दोन्हींतून त्याने मला विचारायचं तेवढं टाळलं. एका शब्दाचं काम होतं. "बघ गं, ही कानस मारलेली दिसतेय." मी ती बाटली उचलून तुझ्या दुकानात आणून आपटली असती. म्हणूनच नाही सांगितलं.

आणि नंतर? मी दवाखान्यात त्याच्या पायाशी बसून रडायचे, मी असते तर काटा दिसला असता, मी का गेले गच्चीवर. तो मला थोपटायचा. उजव्या, धड हाताने. एकदाही म्हणाला नाही, की काट्याची काही चूक नव्हती, काटा बरोबर होता. मला त्या अपराधात झोपू दिलं, कारण मी त्यात होते तोवर तू बाहेर होतास.

तुझा राग येतो. तुझा राग करणं मला जमतं, तू लहान असल्यापासून सराव आहे. याचं काय करू, ते मला कळत नाही. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच का? दुखलं नाही, म्हणून कळलं नाही.

रात्री जेवताना तो म्हणाला, "नाव नको सांगूस कोणाला. बाटल्या काढल्यास ना, झालं." समोरच्या बाईंनी दिवा मालवला. त्यांनाही ऐकू आलं असणार.


२० फेब्रुवारी

तू तिथे होतास, तरी लिहितेय. कारण तू मान खाली घातली होतीस, आणि त्यानंतर काय झालं ते तू बघितलंस का, मला माहीत नाही.

रेंजच्या हॉलमध्ये पालक जमले होते. कोचबाईंनी तुला बोलावलं होतं, आम्हालाही. तू इस्त्रीचा शर्ट घालून आला होतास. आमच्याकडे बघून हात जोडलेस. बोलायला उभा राहिलास आणि म्हणालास, "बाटल्यांत दोष नाही. दादाने प्रमाणाबाहेर भरली. त्याला दिसत नाही, तो कबूलही करतो. घरचा माणूस म्हणून मला बोलायला जड जातं."

आणि दादा मान डोलावत होता. तू काय बोलतोयस ते त्याला तिसऱ्या रांगेत ऐकू येत नव्हतं, हे मला शपथेवर सांगता येईल. तू बोलतोयस, एवढ्यावरच तो मान डोलावत होता.

त्यावर काका उभे राहिले. तीन बाटल्यांना त्यांनी पुन्हा पाण्याचा दाब दिला होता. दोन फुगून तशाच राहिल्या, तिसरी खांद्याजवळ चिरली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. एक आई पुढे आली, तिने ती चीर बोटाने चाचपली आणि कोणाला उद्देशून नव्हे, असंच म्हणाली, "माझ्या मुलीचा गाल यापासून वीतभर असतो."

कोचबाईंनी विचारलं, "या नापास झालेल्या होत्या हे कोणाला माहीत होतं?"

मी उठले. तू म्हणालास, "वहिनी, घरातलं घरात ठेवू."

मी म्हटलं, "घरात ठेवलं म्हणून तर घरात फुटलं." आणि मग सगळं सांगितलं. चारही बाटल्या नापास होत्या, तू फुल्या घासल्यास, रंग दिलास, एक सख्ख्या भावाला भरायला दिलीस आणि तीन इथे विकल्यास. माझ्या नवऱ्याला संशय आला होता, तरी त्याने भरली. तेही सांगितलं. त्याला झाकून तुला उघडं पाडलं असतं तर मीही तुमच्यातलीच झाले असते.

माझा आवाज इतका मोठा झाला होता, की मला वाटलं त्यालाही ऐकू गेलं असेल. पण तो शेजारच्या माणसाला विचारत होता, "काय म्हणतेय ही? काय म्हणतेय?" त्या माणसाने खाली बघितलं. मीच त्याच्या डाव्या बाजूला गेले आणि वाकून म्हटलं, "मी त्यांना खरं सांगितलं."

तो उठला. मला वाटलं, बाहेर जाईल. एवढीच माझी तयारी होती. तो खुर्च्यांमधून वाट काढत पुढे गेला आणि तुझ्या शेजारी उभा राहिला. आणि तुझ्या खांद्यावर हात ठेवला. डावा. तीनच बोटांचा.

ज्याच्यामुळे बोटं गेली त्याच्याच खांद्यावर उरलेली बोटं. आणि मी, जिने गेले दोन महिने तो हात रोज धुतला, पुसला, पट्टी बांधली, ती समोर एकटी, परक्या पालकांच्या गर्दीत.

त्या मुलीच्या आईने मला बसायला खुर्ची दिली.


६ मार्च

कळलं, की रेंजने तुझं काम बंद केलं आणि तुझ्या दुकानात तपासणीवाले येऊन सगळ्या बाटल्या उचलून घेऊन गेले. तुझी बायको येऊन गेली. आधी भांडली, मग रडली, मग म्हणाली, "मला यातलं काहीच माहीत नव्हतं, वहिनी." मी तिच्यावर विश्वास ठेवला. आपल्याकडच्या बायकांना नंतरच कळतं.

दादाने तुझा निरोप दिला. "बारक्या म्हणतो, चुकलो." निरोप जिन्यातल्या सगळ्यांना मिळाला. मी म्हटलं, ज्याचं तोंड त्याने आणावं. ते ऐकून दादा मला म्हणाला, "मी तर त्याला माफ केलंय. आता तू कशाला ताणतेस?" तुम्ही भावाभावांनी एकमेकांना माफ केलंत, छान झालं. तो त्याच्या बोटांचा मालक आहे, त्याने ती तुला सोडली. माझं जे गेलं ते त्याला सोडता येत नाही, कारण ते त्याच्यासमोर गेलं तरी त्याला दिसलंच नाही.

आम्ही एकाच घरात आहोत. विचारतील त्यांना मी हेच सांगते. त्याच्या हाताचा व्यायाम मी करून घेते, चेंडू दाबायचा असतो. जेवायला वाढते. तो बोलतो, मी डाव्या बाजूला जाऊन लागेल तेवढं उत्तर देते. परवा तो म्हणाला, "पूर्वीसारखी ओरडत का नाहीस?" मी म्हटलं, पूर्वी तू ऐकून थांबायचास.

सकाळी मी काकांच्या टेस्टिंगच्या शेडवर जाते. त्यांचे डोळे थकलेत, त्यांना काटा वाचायला माणूस हवंच होतं. नापास बाटली निघाली की आता ते भोक पाडल्याशिवाय परत देत नाहीत, मालक कितीही गयावया करो. ड्रिल मी धरते. पहिल्या दिवशी भोक तिरकं गेलं. आता सरळ जातं.

आता कामाचं. तुझी दोन मोठी सिलिंडरं आमच्या आवारात आहेत. त्यांची हवा मी हळूहळू सोडून दिली आहे, तोंडाला टोप्या घातल्या आहेत, साखळीही काढली आहे. दोन्ही चांगली आहेत, तपासून घेतली. घेऊन जा. दुपारपर्यंत मी शेडवर असते, दादा घरी असतो, तेव्हा ये. तुम्ही काय बोलायचं ते बोला, रडायचं तर रडा.

पण मी घरी असताना येऊ नकोस. तू दारात दिसलास की मी चहाचं आधण ठेवेन. राग तसाच असेल, तरी ठेवेन. तुला साखर जास्त लागते तीही घालेन. इतक्या वर्षांची सवय, हात मला न विचारता जातील. तेवढं माझ्याकडून करवून घेऊ नकोस.